चोविसावी सही

नेदरलँड्समध्ये मी शेती शिकायला गेले, हे आमच्या गावात अजून कोणाला धड पटलेलं नाही. "शेती शिकाया इमानात बसून जावा लागतंय काय?" असं शेजारच्या काकांनी मला निघताना विचारलं होतं. आमचं गाव मंडणगड तालुक्यात, समुद्रापासून बरंच आत, लोक लिहितात तसं डोंगराच्या कुशीत. कुशीबिशी काही नाही. चढ आहे, उतार आहे, मधल्या उतरणीवर भाताची खाचरं आहेत आणि त्यातली निम्म्याहून जास्त आता पडीक आहेत. माझ्या प्रबंधाचा विषय तोच होता, खाचरं पडीक का पडली. ज्या विषयावर गावातला कोणीही माणूस चहा पिता पिता पाच मिनिटांत निकाल देतो, त्यावर मी परदेशात दोन वर्षं घालवत होते.

तिथलं माझं रोजचं जगणं म्हणजे नुसतं वेळ ठरवणं. मार्गदर्शक बाईंना भेटायचं तर वेळ ठरवायची, ती वीस मिनिटांची. कपडे धुवायच्या यंत्राची वेळ ठरवायची. मैत्रिणीकडे चहाला जायचं तरी तीन आठवडे आधी तारीख काढायची, आणि गेल्यावर चहाबरोबर एकच बिस्कीट मिळायचं. आम्हा आठ जणांत एक स्वयंपाकघर होतं. मी फोडणी घातली की छताला लावलेला भोंगा बोंबलायला लागायचा आणि दुसऱ्या दिवशी फ्रीजवर चिठ्ठी यायची की कृपया तीव्र वासाचे पदार्थ करताना इतरांचा विचार करावा. एकदा मी त्या चिठ्ठीखाली मराठीत चार ओळी खरडल्या. त्या काय होत्या ते कोणालाही कळलं नाही, पण मला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

बाईंना सगळे विद्यार्थी नावाने हाक मारायचे. मला दोन वर्षांत ते जमलं नाही, म्हणून मी त्यांना हाकच मारली नाही. खोलीच्या दारात उभी राहून त्यांचं लक्ष जाईपर्यंत घसा साफ करायचे. बाई चांगल्या होत्या. माझं म्हणणं शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि मग म्हणायच्या, "छान, पण याचा पुरावा काय?" आमच्याकडे वरचं खाचर आधी पडतं, खालचं मागून पडतं, हे मी लहानपणापासून पाहिलेलं होतं. त्यालाही पुरावा लागत होता.

पुरावा गोळा करायच्या आधी आणखी एक पायरी होती. संशोधनासाठी माणसांना प्रश्न विचारायचे असतील तर विद्यापीठातल्या एका समितीला आधी पटवावं लागतं की तुम्ही त्या माणसांना फसवणार नाही. या समितीने माझा अर्ज तीनदा परत पाठवला. चौथ्यांदा पास केला तेव्हा अटी अशा होत्या. चोवीस मुलाखती घ्यायच्या. त्या जमिनीवर ज्यांचा कागदोपत्री हक्क आहे त्यांच्याच, म्हणजे मालक, सहहिस्सेदार नाहीतर कूळ. प्रत्येकाची लेखी संमती, खाली सही. आणि प्रत्येक खाचराचा गट नंबर, म्हणजे उपग्रहाच्या छायाचित्रांवर ते नेमकं दाखवता येईल. मुलाखती मे महिन्यात उरकून जूनच्या पहिल्या आठवड्यात मला परत जायचं होतं. जमलं नाही तर प्रबंध पुढच्या वर्षावर. पण माझा तिथे राहण्याचा परवाना अभ्यासक्रमाबरोबरच संपत होता, तेव्हा पुढचं वर्ष मला नव्हतंच. चोवीस सह्या मिळाल्या तर पदवी, तेवीस मिळाल्या तर काही नाही.

संमतीपत्र मीच मराठीत केलं. एका पानात बसवलं, कारण चार पानं वाचायला आमच्याकडे कोणी बसणार नाही हे मला ठाऊक होतं. वर नाव, त्याखाली गट नंबर, मग 'जमिनीशी संबंध' म्हणून तीन चौकोन, मग मजकूर आणि तळाशी सही. बाईंनी त्याची मांडणी बघून कौतुक केलं. मलाही ते फार सुबक वाटत होतं. त्याच गावात वाढलेल्या मुलीने हे असलं काहीतरी करावं, याचा मला आजही राग येतो.

मे महिना मी मुद्दाम निवडला होता. आमच्याकडे सातबाऱ्यावर ज्यांची नावं असतात ते पुरुष मुंबईला असतात, आणि मे महिन्यात आंब्याफणसाला घरी येतात. माझे बाबाही तीस वर्षं मुंबईत एका छापखान्यात होते. निवृत्त होऊन घरी आले त्याला आता चार वर्षं झाली. आई मात्र सगळा काळ इथेच. मी घरी पोचले तेव्हा आईने मला आधी वजनावरून बोलून घेतलं, मग जेवायला वाढलं. बाबांनी संमतीपत्र हातात घेऊन दोन्ही बाजूंनी बघितलं आणि म्हणाले, "कागद बरा वापरलायस."

पहिली मुलाखत शेजारच्या त्या काकांचीच घेतली. काका रंगात येऊन बोलले. लावणीला पूर्वी माणसं किती असायची, रोपांसाठी राब भाजायला पालापाचोळा कुठून आणायचे, नांगराचे बैल कसे होते. मी फोनवर सगळं ध्वनिमुद्रित करून घेतलं. मग पिशवीतून कागद काढला आणि पेन पुढे केलं. काकांनी चष्मा लावला. वरचा गट नंबरचा रकाना बघितला, खालची सहीची रेघ बघितली, पुन्हा वर गेले. मग चष्मा काढून खिशात ठेवला.

"ठेव हितं. पोराला इचारतो, मंग बघू."

"काका, यात काहीच नाही. तुम्ही माझ्याशी बोललात एवढंच लिहिलंय."

"तां खरां गो. पन इचारतो."

दुसऱ्या घरीही तेच झालं, तिसऱ्या घरीही. चौथ्या घरी तर बोलणंही झालं नाही, कारण कागद माझ्याआधी तिथे पोचला होता. काकांनी त्याचा फोटो काढून मुंबईला मुलाला पाठवला होता, मुलाने तो गावच्या मंडळाच्या ग्रुपवर टाकला होता, आणि ग्रुपवर मुंबईत बसलेल्या माणसांनी निदान केलं होतं. तीन दिवसांनी आई गिरणीतून दळण घेऊन आली ती पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, "तू म्हणे कंपनीची माणूस आहेस. परदेशातल्या. जमिनी घ्यायला पाठवलंय तुला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या गिरणीवालीने मला पाटी घेऊन शाळेत जाताना पाहिलं, तिने गिरणीत हे बोलावं? आई म्हणाली, "ती बोलली नाही. तिने नुसतं ऐकलं." हे आणखी वाईट होतं.

आमच्या घरात फोनला रेंज नाही. रेंज वरती सड्यावर मिळते, जांभ्याच्या उघड्या माळावर, तेही एका ठरावीक दगडाजवळ. बाईंबरोबरच्या वीस मिनिटांसाठी मी तिथे भर उन्हात डोक्यावर ओढणी घेऊन उभी राहिले. पडद्यावर बाईंच्या मागे गार खोली दिसत होती. मी सांगितलं की लोक बोलतात पण सही करत नाहीत. त्यांनी विचारलं, "तुम्ही त्यांना त्यांच्या भाषेत समजावलंत का?" मी हो म्हटलं. "मग कदाचित विश्वासाचं नातं तयार व्हायला थोडा वेळ द्यायला हवा," त्या म्हणाल्या. मी ज्या गावात जन्मले त्या गावाबद्दल हे ऐकून मला हसावं की रडावं ते कळेना. तेवढ्यात रेंज गेली ते एका अर्थी बरंच झालं.

चूक मला बाबांनी दाखवली. ते ओटीवर फणस फोडत बसले होते आणि मी समितीला, बाईंना, काकांना आणि गिरणीला एकाच दमात नावं ठेवत होते. बाबांनी हाताला तेल चोळता चोळता विचारलं, "वर गट नंबर, खाली सही. असा कागद आपल्याकडे कधी असतो?"

असा कागद आमच्याकडे एकाच कामासाठी असतो. कोकणात एकेका सातबाऱ्यावर आजोबा-पणजोबांपासूनची नावं साचलेली असतात, चुलते, पुतणे, कधी न पाहिलेले भाऊबंद. गुंठाभर तुकड्याला दहाजण धनी. कोणीतरी केव्हातरी अशा कागदावर सही केलेली असते आणि तिथून पुढे त्याच्या हातातून जमीन गेलेली असते. म्हणून पोरांना इथे पोहायला शिकवण्याआधी हे शिकवतात की गट नंबर असलेल्या कागदावर सही करायची नाही. मलाही शिकवलं होतं. मी विमानात बसले आणि विसरले.

मग मी मंडणगडला जाऊन कागद नव्याने छापून आणले. संमती एका पानावर, गट नंबर वेगळ्या पानावर, त्यावर सही नाही. बाबा माझ्याबरोबर घरोघर यायला लागले. ते फार काही बोलायचे नाहीत. ओटीवर बसायचे, सुपारी कातरायचे, आणि कागद निघाला की म्हणायचे, "पोरीच्या शाळेचं हाय. कर सही." आणि लोक करायचे. दोन आठवडे मी माझं शिक्षण, समितीचा शिक्का आणि माझं सगळं समजावणं पुढे करत होते. चाललं ते बाबांचं एक वाक्य. उपकार मानायच्या ऐवजी मला त्याचाच राग येत होता.

सह्या वाढत गेल्या. मुलाखती मात्र पोकळ निघत होत्या. प्रत्येक ओटीवर मालक बसायचा, आणि मालक सगळं आयुष्य मुंबईत असायचा. खाचर का पडलं विचारलं की उत्तर ठरलेलं. मजूर मिळत नाहीत, माकडं ठेवत नाहीत, डुकरं नासधूस करतात. मग माकडांवर पंधरा मिनिटं. माझ्याकडे माकडांवर एवढं साहित्य जमलं की त्यांच्यावर वेगळा प्रबंध झाला असता. कधी कधी आतून, चुलीपाशी बसलेली बायको मध्येच म्हणायची, "आवो, तां माकडांच्या आधीच पडलां व्हतां." मालक म्हणायचा, "तू गप." आणि मी तिच्याकडे वळले तरी उपयोग नव्हता, कारण कागदावर तिचं नाव नव्हतं. माझ्या समितीने माणसं निवडायची जी चाळण दिली होती, तिच्यातून नेमकी माहिती असलेली माणसं खाली पडत होती. हे मी बाईंना लिहून कळवलं. त्यांचं उत्तर आलं की हे निरीक्षण फार रोचक आहे, 'मर्यादा' या भागात जरूर नोंदवा.

मे संपायला सहा दिवस होते तेव्हा माझ्याकडे तेवीस सह्या होत्या. चोविसाव्या माणसाने ऐन वेळी मुंबईची गाडी पकडली. त्याच दिवशी दुपारी आत्या आली.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. दिली आहे तालुक्यातच, तीन गावं पलीकडे. दरवर्षी मे महिन्यात चार दिवस माहेरी राहते, आईबरोबर आंबोशी करते, पापड लाटते आणि जाते. तिने माझी अवस्था बघितली आणि काय चाललंय विचारलं. मी वैतागून सांगितलं की आपली खाचरं का पडली हे गावात कोणालाही सांगता येत नाही.

"चल, दाखवते," ती म्हणाली. एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हं चढायच्या आत आम्ही उतरणीला लागलो. आत्या पुढे, हातात काठी, मी मागे फोन धरून. तिला प्रत्येक खाचराचं नाव ठाऊक होतं. आवळीखालचं, लांबोळकं, सासूचं, तीन कोनी. सातबाऱ्यावर त्यांना आकडे होते, तिच्याकडे नावं. सगळ्यात वरच्या खाचराशी ती थांबली. बांध फुटून त्यात आता करवंदीची जाळी माजली होती. तिने काठीने बांधाची एक जागा टोचली.

"हितनं पानी सोडायचां. वरचां भरलां का खालच्यात, खालचां भरलां का त्येच्या खालच्यात. कवा सोडायचां आनि कवा अडवायचां तां बायकास ठावां. बापये नांगर धरीत, पानी आमच्याकडं."

मग ती माणसांवर आली. त्या तीन बहिणी. तिघी लग्न होऊन गेल्यावरही लावणीला माहेरी यायच्या. सासरची लावणी उरकली की दोन दिवस इथे. कोणी बोलवायचं नाही, मजुरी नाही, माहेरचा चिखल आपलाच म्हणून. तिघींच्या मुली मिळून आठ-दहा हात व्हायचे आणि वरच्या खाचरापासून खालपर्यंत दोन दिवसांत हिरवं व्हायचं. गावातल्या बाकीच्या घरांचंही तसंच चालायचं. मजूर हा शब्दच नव्हता.

"मग थांबलं कशाने?" मी विचारलं.

ती बांधावर बसली. "आजोबा गेलं तुझं, तवा वाटनी झाली. भाऊ म्हनालं, बहिनींनी सही द्यावी. मंडणगडात कचेरीत गेलो तिघीजनी. सही केली, साड्या घेतल्या, भजी खाल्ली, घरी आलो. कोनी जोर नाय केला हो. आमीच म्हटलां, सही नाय दिली तं माहेर तुटंल. माहेर राह्यलां पायजे ना."

"आणि मग?"

"मंग पुढच्या लावनीला आलो तं वहिनीनं च्या दिला, पाट दिला बसाया. म्हनली, बसा, तुमी कशाला उतरताव. ती बी खरीच. सही दिल्यावर आमी पाव्हन्या. पाव्हनी चिखलात कशी उतरंल? दुसऱ्या वर्षी आमी आलोच नाय. तिसऱ्या वर्षी वरचां पडलां, बांध फुटला, पानी सगळां वढ्याला. मंग खालची पडाया कितीसा येळ."

'वहिनी' म्हणजे माझी आई. मी घराच्या दिशेने बघायचं टाळलं, जरी ती घरी होती आणि तिथून दिसत नव्हती.

आत्या जवळजवळ दोन तास बोलली. कुठल्या घराची कुठली बहीण कधी सही देऊन आली आणि त्यानंतर किती लावण्यांनी त्या घराचं वरचं खाचर पडलं, हे ती बोटं मोजत सांगत गेली, समोरच्या उतरणीवर एकेक तुकडा दाखवत. संध्याकाळी सड्यावर जाऊन मी उपग्रहाची छायाचित्रं उघडली. तिने सांगितलेली वर्षं आणि हिरवा रंग जाऊन तपकिरी झालेली वर्षं सगळी जुळत होती. दोन वर्षं मी जे शोधत होते ते मिळालं होतं, आणि ते माझ्या घरात दरवर्षी मे महिन्यात पापड लाटत बसत होतं. मला एवढा आनंद झाला की मी त्या दगडावर उभी राहून एकटीच हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आत्यापुढे कागद ठेवला. तिने सावकाश, अक्षर लावत वाचला. 'जमिनीशी संबंध'पाशी येऊन बोट थांबलं. मालक, सहहिस्सेदार, कूळ.

"ह्यातली मी कुठली?"

काल दोन तास ती हेच तर सांगत होती आणि मी मान डोलवत होते. माझं डोकं या चौकोनांकडे गेलंच नव्हतं.

"तू सांगशील तिथं सही करते," ती म्हणाली. "मला सवय हाय."

तिने ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. म्हणूनच मला ते सहन झालं नाही. मी कागद काढून घेतला, म्हटलं थांब, विचारते, आणि तडक सडा गाठला. बाईंना लिहिलं की ही मुलाखत माझ्या सगळ्या कामाचा गाभा आहे, पण आत्याचा कागदोपत्री हक्क नाही, काय करू. तासाभराने उत्तर आलं. बाईंनाही वाईट वाटत होतं. पण मंजूर झालेल्या अटींत ही व्यक्ती बसत नाही. अटी बदलायला समितीकडे नवा अर्ज करावा लागेल, त्याला सहा ते आठ आठवडे लागतात. माझ्याकडे चार दिवस होते. समिती लोकांचं रक्षण करण्यासाठी होती, आणि आत्याचं रक्षण तिने असं केलं की तिचं म्हणणं ऐकूच येणार नाही. मी त्या दगडावर बसून रागाने रडले. जवळून एक जण गुरं घेऊन गेला, त्याला वाटलं असेल परदेशात काहीतरी झालं.

घरी आले तर ओटीवर बाबा. मी झाला प्रकार सांगितला. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही.

"दे इकडे. मी करतो सही. जमीन माझ्या नावावर, बहीण माझी. एवढं काय त्यात?"

बाबांची मुलाखत मी मुद्दामच घेतली नव्हती, घरचा माणूस नको म्हणून. आता ते कागदावर मालक होते, सगळ्या अटींत चपखल बसत होते. फक्त त्यांना कुठल्या खाचराचं पाणी कुठे जातं हे माहीत नव्हतं. मी आत्याकडे बघितलं. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"घाल ना त्येच्या नावावर," ती म्हणाली. "तुझां काम झालां म्हंजे झालां."

मी नाही म्हणायला हवं होतं. मी तेव्हा स्वतःला बरंच काही सांगितलं. नाव तर कोणाचंच छापणार नाही, सगळ्यांना आकडेच देणार. म्हणणं पोचलं म्हणजे झालं, तोंड कोणाचं का असेना. परवाना संपतो आहे, दोन वर्षं पाण्यात जातील. हे सगळं खरं होतं. बाबांनी मांडीवर पाटी घेऊन झोकदार सही केली, 'मालक' या चौकोनात फुली मारली, आणि मी कागद फाईलमध्ये ठेवला. आत्या आत गेली. दुसऱ्या दिवशी आईने तिची ओटी भरली, साडी दिली आणि ती तिच्या गावी गेली. मी तिला एसटीपर्यंत पोचवायला गेले. वाटेत ती माझ्या लग्नाविषयी बोलत होती.

परत गेल्यावर तीन महिने मी खोलीच्या बाहेर फारशी पडले नाही. पाव, दही, लोणचं, लिहिणं. आत्याचं ध्वनिमुद्रण ऐकून उतरवून काढताना दर वेळी एक काम करावं लागायचं. ती 'मी' म्हणायची आणि मी त्या जागी 'बहिणी' लिहायचे. 'आम्ही सही दिली' याचं 'त्यांच्याकडून सही घेतली' झालं. पुरुषाच्या तोंडी शोभेल असं करत करत मी ते सगळं तिच्यापासून सोडवून घेतलं. काम नीट व्हावं म्हणून मी त्यात फार मेहनत घेतली.

प्रबंध उत्तम झाला. बाईंनी तोंडी परीक्षेत सगळ्यांसमोर सांगितलं की चोविसावी मुलाखत असामान्य आहे, या गृहस्थांना पाण्याची आणि बहिणींच्या मनाची एवढी समज असावी याचं आश्चर्य वाटतं. टाळ्या झाल्या. मी आभार मानले. खरं काय ते कळवायला मला समितीला दोन ओळी लिहाव्या लागतील. त्या ओळी मला पाठ आहेत. मी समितीवर चिडते, बाबांवर चिडते, चौकोनांवर चिडते, पण त्या दोन ओळी अजून लिहिलेल्या नाहीत, आणि त्या न लिहिणारी मी आहे.

निकालानंतर बाबांनी आख्ख्या गावाला सांगितलं. आत्याने तिच्या नातवाच्या फोनवरून मला फोन केला. ती फोनवर ओरडून बोलते, परदेश लांब आहे म्हणून.

"पास झालीस म्हनं."

"हो आत्या. तू सांगितलंस त्याच्यामुळेच."

"मंग छापलां काय तां पुस्तकात? मी बोलले तां?"

"सगळं छापलं."

तिने तिकडे नातवालाही ते ओरडून सांगितलं.

"मंग येत्या लावनीला येऊ काय गो माहेरला? तुझ्या आयेला सांग, पाट नको मांडू म्हनावं. मी पोरी घेऊन येते. आता आमचां कायतरी लिवलेलां हाय तिथं."

मी "ये" म्हटलं.